मागेल त्याला काम

मंगळवेढ्याचा दामाजीपंत राजा नव्हता की सरदार नव्हता. बहामनी अंमलातला तो एक ठाणेदार होता, आणि सरकारी अंबारखान्याच्या किल्ल्या त्याच्या ताब्यात होत्या. दुष्काळात अन्नान्न करीत दाराशी आलेल्या लोकांसाठी त्याने ती कोठारे मोकळी केली, बादशहाच्या रोषाला आपली मान पुढे केली, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे ती सारी बाकी विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारी चुकती केली. या कथेतील भक्तीचा भाग वंदनीय आहेच. परंतु राज्यकारभाराच्या दृष्टीने तिच्याकडे पाहिले, तर तिच्यात एक कठोर वस्तुस्थिती दडलेली दिसते. कोठारात धान्य होते, दारात भुकेलेले लोक होते, आणि या दोहोंच्या मध्ये एका अधिकाऱ्याचे अंतःकरण तेवढे उभे होते. त्या अंतःकरणाला पाझर फुटला नसता, तर भुकेल्यांना दाद मागण्याची जागा कोठेही नव्हती, आणि पाझर फुटल्यावरदेखील खर्चाची भरपाई करण्यास प्रत्यक्ष देवाला यावे लागले. महाराष्ट्रात लोककल्याणाच्या योजनांचा जो दीर्घ इतिहास आहे, तो या दोन प्रश्नांचाच इतिहास आहे : संकटात सापडलेल्या माणसाने मागावे कोणाकडे व कोणत्या अधिकाराने, आणि त्याला देण्यासाठी लागणारा पैसा यावा कोठून.

पेशवाईत अवर्षणाच्या साली साऱ्यात सूट देण्याची, वसुलाची तहकुबी करण्याची आणि बी-बियाणे व बैल यांसाठी तगाई वाटण्याची वहिवाट होती. ती दयाबुद्धीने होत असे तशीच व्यवहारबुद्धीनेही होत असे, कारण कुळवाडी परागंदा झाला तर पुढील सालचा वसूल कोण देणार, हे फडावरच्या कारकुनालाही कळत होते. परंतु ज्याच्या नावावर जमीन नाही, त्याला ना सूट उपयोगी ना तगाई. त्याला हवे होते काम आणि कामाचे दाम. इंग्रजी अंमलात हा भूमिहीनांचा वर्ग वाढत गेला, आणि १८७६ साली दख्खनवर जो महादुष्काळ कोसळला, त्याने सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा या जिल्ह्यांतील लक्षावधी लोकांना तलाव, कालवे व रस्ते यांच्या सरकारी कामांवर आणून उभे केले. हिंदुस्थान सरकारने पाहणीसाठी पाठविलेल्या सर रिचर्ड टेंपल यांनी तेव्हा काटकसरीचा आग्रह धरला, आणि मजुरीचे प्रमाण माणशी दिवसाला एक रत्तल धान्य व वर अल्पशी रोकड इथपर्यंत खाली ओढले गेले. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाने अर्ध्या शेरावर जगावे, हा तो हिशेब. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, विशेषतः गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काकांनी, त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. उपाशी मजुरांनी कामावर बहिष्कार घालावा, आणि शहरातील सुशिक्षितांनी त्यांचे गाऱ्हाणे सरकारदरबारी न्यावे, हा योग आपल्याकडे प्रथमच असा ठळकपणे जुळून आला. त्याची नोंद आपल्या इतिहासग्रंथांत असावी तितकी ठळक नाही, याची खंत वाटते.

या दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने, ज्याचे अध्यक्ष सर रिचर्ड स्ट्रेची होते, १८८० मध्ये आपला अहवाल सादर केला आणि त्यातून पुढे निरनिराळ्या प्रांतांच्या दुष्काळसंहिता तयार झाल्या. या संहिता म्हणजे त्या काळच्या मानाने प्रशासनकौशल्याचा उत्तम नमुना होत. भाव चढू लागले, माणसे गावे सोडू लागली, चोऱ्यामाऱ्या वाढल्या, की कलेक्टराने सावध व्हावे; आधी थोडी कसोटीची कामे काढून लोक येतात की नाही ते पाहावे; आले तर मोठी कामे सुरू करावीत; धडधाकट माणसास काम द्यावे आणि दुर्बलास फुकट अन्न. परंतु याच अहवालात आयोगाने एक भीती स्पष्टपणे नोंदवून ठेवली आहे. दुष्काळात साहाय्य मागण्याचा गरिबाला हक्क आहे, असे एकदा मान्य केले, तर सर्वच काळी त्याला तसा हक्क आहे, या मतापर्यंत लोक जाऊन पोहोचतील, आणि ही कल्पना आयोगाला मोठी चिंताजनक वाटली. साहाय्य करणे हे सरकारचे कर्तव्य, पण ते मागणे हा प्रजेचा हक्क नव्हे, अशी ही विलक्षण तोडजोड होती. काम केव्हा निघेल, किती निघेल, केव्हा बंद होईल, हे सारे कलेक्टराच्या आणि पिकाचा अंदाज ठरविणाऱ्या आणेवारीच्या स्वाधीन राहिले.

ही तोडजोड टिळकांनी अचूक हेरली. १८९६ च्या दुष्काळात त्यांनी 'केसरी'तून संहितेतील कलमे शेतकऱ्यांना समजावून सांगण्यास आरंभ केला. सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते खेडोपाडी हिंडून कायद्याने सरकारने काय देणे आहे ते लोकांस सांगू लागले. सरकारने स्वतः छापलेला कायदा लोकांना वाचून दाखविणे, एवढाच हा उद्योग. परंतु १८९७ साली सरकारने सार्वजनिक सभेची मान्यता काढून घेतली. आयोगाला ज्या मताची चिंता वाटली होती ते मत आता गावचावडीपर्यंत येऊन पोहोचले होते, आणि ते पुढे पाऊणशे वर्षे तेथेच तग धरून राहिले.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटेल, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. राज्यघटनेच्या ४१ व्या कलमाने काम मिळण्याचा हक्क सुरक्षित करण्याचा प्रयत्न शासनाने करावा असे सांगितले. मात्र तो मार्गदर्शक तत्त्वांत ठेवला, आणि आर्थिक सामर्थ्याच्या मर्यादेत, अशी पुस्तीही जोडली. पंचवार्षिक योजनांच्या आखणीत धरणे, पोलाद, वीज, कारखाने यांना अग्रस्थान मिळाले, आणि उत्पादन वाढले की रोजगार आपोआप वाढेल, ही श्रद्धा नियोजनकारांच्या मनात खोल रुजली. ग्रामीण कामांचे लहानमोठे कार्यक्रम अधूनमधून निघत. पण त्यांचे आयुष्य मंजूर रकमेइतकेच असे. रक्कम संपली की कार्यक्रम संपला, आणि पुढील वर्षी नवे नाव घेऊन तोच पुन्हा अवतरला. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील विद्वानांनी भारतातील दारिद्र्यावरचा आपला प्रबंध प्रसिद्ध केला, तेव्हा विकासाचा लाभ तळापर्यंत झिरपत नाही हे त्यांनी आकडेवारीने दाखविले, आणि ग्रामीण कामांचा व्यापक कार्यक्रम हाच त्यावरील व्यवहार्य उपाय म्हणून पुढे मांडला. महाराष्ट्र सरकारने तर १९६३ सालीच खास कायदा करून राज्यातील सर्व कायद्यांमधून 'दुष्काळ' ही संज्ञा काढून टाकली होती आणि तिच्या जागी 'टंचाई' ही संज्ञा घातली होती. परंतु राज्याच्या फार मोठ्या भागात शेती पावसाच्याच भरवशावर चाललेली होती, आणि सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या पट्ट्याला कायद्याची ही दुरुस्ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

याच पट्ट्यात, सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात, विसापूर नावाचे गाव आहे. वि. स. पागे हे त्या भागातील गांधीविचारांचे कार्यकर्ते, व्यवसायाने वकील, वृत्तीने संतवाङ्मयाचे अभ्यासक, आणि १९६० पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती. सभापतीचे आसन हे वादापासून दूर राहण्याचे आसन. परंतु त्या आसनावर बसूनही पाग्यांचे चित्त गावच्या मजुराच्या रिकाम्या हातांकडे लागलेले होते. त्यांचा विचार सरळ होता. गावात बांधबंदिस्तीची, विहिरींची, नाले अडविण्याची, रस्त्यांची असंख्य कामे पडून आहेत. सुगी संपली की त्याच गावात शेकडो हात रिकामे बसतात. मग या दोहोंची गाठ घालून देण्यासाठी दुष्काळाची वाट कशाला पाहावी? १९६५ मध्ये विसापूर परिसरात एकात्मिक क्षेत्र विकासाची जी योजना त्यांच्या प्रेरणेने सुरू झाली, तिच्यात शेतकऱ्याच्या जमिनीची सुधारणा आणि मजुराला कामाची हमी ही दोन्ही अंगे एकत्र आणलेली होती. या योजनेतील क्रांतिकारक अंश तिच्या खर्चात वा आकारात नव्हता. काम केव्हा सुरू व्हावे हे ठरविण्याचा अधिकार तिने कलेक्टराच्या आणेवारीकडून काढून घेतला आणि काम मागणाऱ्या मजुराच्या तोंडच्या शब्दाला दिला. १८८० च्या आयोगाला जी गोष्ट भयप्रद वाटली होती, नेमकी तीच गोष्ट पागे राज्याचे धोरण म्हणून मागत होते.

मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना ही कल्पना पटली, हे महाराष्ट्राचे भाग्य म्हटले पाहिजे. नाईक स्वतः शेतीत मुरलेले गृहस्थ होते, आणि अन्नधान्याच्या स्वयंपूर्णतेसाठी त्यांनी आपली सारी प्रतिष्ठा पणास लावलेली होती. काही थोड्या ठिकाणी योजनेचे प्रयोग झाले, आणि १९७२ मध्ये ती शासनाच्या पंधरा कलमी कार्यक्रमात दाखल झाली. तिची पाळेमुळे रुजण्यापूर्वीच निसर्गाने तिची परीक्षा घेतली.

१९७० पासून पाऊस हुलकावणी देत होता. पहिल्या वर्षी काही भागांत पिके गेली, दुसऱ्या वर्षी अधिक भागांत गेली, आणि १९७२ च्या पावसाळ्यात खरीप तर करपलाच, पण ज्या रब्बीच्या ज्वारीवर सोलापूर, अहमदनगर, बीड, उस्मानाबाद, औरंगाबाद हे जिल्हे जगत होते, तिची पेरणीसुद्धा अनेक ठिकाणी होऊ शकली नाही. विहिरी आटल्या. गुरे बाजारात मातीमोल भावाने गेली, किंवा छावण्यांत दावणीला बांधली गेली. शेकडो वर्षे जे घडत आले होते तेच पुन्हा घडणार, माणसे वाटा धरणार आणि वाटेवर मरणार, असे जुन्या लोकांना वाटू लागले होते.

तसे घडले नाही. सरकारने कामे काढली, आणि जेथे माणसे आली तेथे आणखी कामे काढली. पाझर तलाव, नालाबांध, शेतांची बांधबंदिस्ती, मोठ्या धरणांची व कालव्यांची मातीकामे, रस्ते, आणि काहीच सुचले नाही तेथे खडी फोडणे, असा तो विस्तार होता. महिन्यामागून महिना हजेरीपटांवरील नावे वाढत गेली आणि मे १९७३ मध्ये ती संख्या पन्नास लाखांच्या घरात पोहोचली. १९७१ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या पाच कोटींच्या किंचित वर होती. म्हणजे शहरे धरूनही राज्यातील दर दहा माणसांमागे एक माणूस त्या उन्हाळ्यात सरकारी कामावर टिकाव, फावडे किंवा घमेले घेऊन उभा होता. इतक्या मोठ्या प्रमाणावर, इतक्या थोड्या काळात, लोकशाही राज्ययंत्रणेने माणसांना काम दिल्याची उदाहरणे जगाच्या इतिहासात विरळाच असतील.

त्या कामांवरचे जीवन कसे होते, हे आज सत्तरीच्या पलीकडे असलेल्या कोणत्याही माणदेशी वा मराठवाडी माणसास विचारावे. पहाटे अंधारात भाकरी बांधून निघायचे, तीन-चार कोस चालत जायचे, चौकड्या खणायच्या किंवा खडीचा ब्रास रचायचा, ओव्हरसिअरने मोजमाप घेतले की मजुरी ठरायची, आणि ती हातात पडेपर्यंत वाण्याची उधारी वाढत राहायची. कामावर सुकडी वाटली जाई. रेशनच्या दुकानात परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळे, तिची भाकरी थापताना तुटे आणि खाताना घशाखाली उतरत नसे. कालपर्यंत ज्यांच्या घरात गडी राबत होते, असे पंधरा-वीस एकरांचे मालकही त्या रांगेत होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी पाटलाच्या वाड्याचा उंबरा ओलांडला नव्हता, अशा घरांतील स्त्रिया व सधन घरांतील स्त्रिया एकाच बांधावर पाट्या वाहत होत्या. दुष्काळाने जातिभेद मिटविला, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पाण्याचा रांजण अनेक ठिकाणी वेगळाच राहिला. परंतु हजेरीपटावर नाव लागते ते माणसाचे, आणि मोजमाप होते ते मातीचे, हा अनुभव लक्षावधींना एकदम आला, आणि तो पुसला जाणारा नव्हता.

सरकारची ही कर्तबगारी आपोआप घडली, असा समज मात्र होऊ देता कामा नये. संगमनेरचे दत्ता देशमुख आणि त्यांचा लाल निशाण पक्ष, शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट व समाजवादी कार्यकर्ते यांनी दुष्काळी भागात मजुरांच्या परिषदा भरविल्या, मोर्चे काढले, तहसील कचेऱ्यांना घेराव घातले. मजुरी वेळेवर द्या, मजुरीचे दर वाढवा, कामे बंद करू नका, आणि खडी फोडण्याऐवजी पाणी अडविणारी कामे द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवरील लाखो मजुरांनी संप केला. तिकडे मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी आंदोलनातील स्त्रिया लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या होत्या. ज्या शासनाने कामे काढली त्याच्याविरुद्धच हा असंतोष का, असा प्रश्न त्या वेळी काही भल्या माणसांनी केला. त्याचे उत्तर असे की १८७७ च्या मजुरांना जे करून दाखविता आले नव्हते, ते १९७३ च्या मजुरांना करता आले, कारण आता त्यांच्या हाती मत होते आणि त्यांचे आमदार विधानसभेत बसत होते. दुष्काळग्रस्त माणूस उपकार घेणारा याचक न राहता मागणी करणारा नागरिक झाला, आणि म्हणूनच कामे वेळेत वाढत गेली. १९७२ चा दुष्काळ तीव्रतेत मागील कोणत्याही दुष्काळापेक्षा कमी नव्हता. परंतु १८७६ प्रमाणे माणसे लाखांनी मेली नाहीत.

१९७३ च्या पावसाने पिके उभी राहिली, कामे आवरती घेण्यात आली, आणि रूढीप्रमाणे सारे विसरले जाण्याची वेळ आली. येथे पाग्यांच्या आधीच्या आठ वर्षांच्या खटपटीचे मोल दिसून आले. दुष्काळी कामांच्या धामधुमीत मागे पडलेली योजना त्यांनी व मजूर चळवळीने पुन्हा तिच्या मूळ स्वरूपात मागितली : पाऊस पडो वा न पडो, ज्याला अंगमेहनतीचे काम हवे त्याला ते मिळाले पाहिजे. १९७४ पासून रोजगार हमी योजना पुनश्च मार्गी लागली, आणि लगेच दामाजीपंताच्या वेळचा दुसरा प्रश्न पुढे आला की याचा पैसा यावा कोठून.

त्याचे जे उत्तर महाराष्ट्राने शोधले, ते माझ्या मते या सबंध इतिहासातील सर्वांत विचारपूर्वक उचललेले पाऊल होय. १९७५ मध्ये व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कराचा कायदा झाला, आणि मुंबई-पुण्याच्या कचेऱ्यांत व कारखान्यांत पगार घेणाऱ्यांच्या वेतनातून ठरावीक रक्कम वजा होऊ लागली. त्याच्या जोडीला मोटार वाहनांवर व विक्रीकरावर अधिभार, बागायती जमिनींवर विशेष आकारणी, शहरांतील बिगरनिवासी इमारतींवर कर, असे मार्ग काढण्यात आले, आणि या साऱ्यांतून जितकी रक्कम जमेल तितकीच रक्कम शासनाने आपल्या तिजोरीतून घालावी, असे ठरले. पूर्वीचे कार्यक्रम अर्थसंकल्पात उरलेल्या रकमेवर जगत. हा कार्यक्रम स्वतःचा स्वतंत्र निधी घेऊन जन्मला. शहरवासीयांनी त्याला फारसा विरोध केला नाही. त्यात खेड्यांविषयीचा जिव्हाळा होता, तसाच दुष्काळी लोंढे मुंबईच्या पदपथांवर येऊन पडतील हा धाकही होता. मोठ्या बागायतदारांनाही योजना नकोशी नव्हती, कारण सार्वजनिक खर्चाने जो पाझर तलाव होई, त्याचे पाणी बहुधा त्यांच्याच विहिरींना लागे. असे अनेक हेतू एकत्र आल्यावाचून मोठे कायदे होत नाहीत, आणि हेतूंची ही सरमिसळ पाहून कायद्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

डिसेंबर १९७७ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विधिमंडळाने महाराष्ट्र रोजगार हमी कायदा एकमताने मंजूर केला. नाईकांच्या कारकिर्दीत योजना आली, शंकरराव चव्हाणांच्या कारकिर्दीत तिचा कर बसला, दादांच्या कारकिर्दीत तिचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ रोजी तो अंमलात आला तेव्हा शरद पवार मुख्यमंत्री होते. ज्या वर्षांत महाराष्ट्राचे राजकारण फाटाफुटीने हादरत होते, त्याच वर्षांत ही एक गोष्ट मात्र हातोहात जपून पुढे नेली गेली.

कायद्याची रचना साधी होती. अठरा वर्षांवरील ग्रामीण व्यक्तीने तलाठी वा ग्रामसेवकाकडे नाव नोंदवावे, आणि काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते तिला मिळावे. न मिळाल्यास बेकारभत्ता द्यावा. निदान पन्नास मजूर असले म्हणजे नवे काम काढावे. एकूण खर्चातील किमान साठ टक्के रक्कम अकुशल मजुरीवर जावी. ठेकेदार नसावा. कामावर पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय असावी. मजुरी कामाच्या मोजमापावर, म्हणजे पुरुषाला व स्त्रीला एकाच दराने. या शेवटच्या तरतुदीचा परिणाम नियोजनकारांच्या अपेक्षेपलीकडे गेला. शेतावर बाईला गड्याच्या निम्मी-पाऊण मजुरी देण्याचा रिवाज असलेल्या प्रदेशात स्त्रिया या कामांवर मोठ्या संख्येने आल्या; कुमुदिनी दांडेकरांसारख्या अभ्यासकांनी केलेल्या पाहण्यांत त्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास वा त्याहून अधिक आढळले. विधवा आणि नवऱ्याने टाकलेल्या बाया, ज्यांना गावात भावाच्या किंवा दिराच्या दारात पडून राहण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्यांना स्वतःच्या नावाची मजुरी प्रथमच हाती आली. १९७९-८० या एका वर्षात योजनेने वीस कोटींच्या आसपास मनुष्यदिवस काम पुरविले.

दोष होते, आणि ते लपविण्यात या कार्याची सेवा नाही. हजेरीपटावर खोटी नावे चढत. मोजमापात मजुराला नाडले जाई. मजुरीचे वाटप आठवड्यांनी लांबे. बेकारभत्ता नाममात्र होता, आणि तोही क्वचितच कोणाच्या पदरात पडला. याहून गंभीर दोष नियोजनाचा होता. मागणी आली की कपाटातून एखादा तयार आराखडा काढावा आणि काम सुरू करावे, अशी रीत पडल्याने अर्धवट रस्ते आणि गाळाने भरलेले तलाव जागोजागी दिसू लागले. त्या कामाचा गावच्या जमिनीशी आणि पाण्याशी काय संबंध, हे पाहण्याची तसदी कोणी घेईना. पाग्यांच्या मूळ कल्पनेतले क्षेत्रविकासाचे अंग असे गळून पडले आणि मजुरीचे अंग तेवढे उरले.

ही उणीव प्रथम जाणवली ती मजुरांनाच. सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात, १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार आणि रोजगार हमीच्या कामांवरील स्त्रीपुरुष मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले, आणि आम्हांला खडी फोडायची नाही, आमच्या तालुक्याचा दुष्काळ कायमचा हटेल असे काम द्या, अशी मागणी करू लागले. भारत पाटणकरांसारखे कार्यकर्ते आणि के. आर. दाते यांच्यासारखे अभियंते त्यांच्यासमवेत होते. येरळा नदीची वाळू ठेकेदार उपसून नेतात, ती थोडी आम्ही विकू आणि त्यातून बंधारा बांधू, असा त्यांनी आग्रह धरला, आणि बळीराजा धरण उभे केले; त्याचे पाणी भूमिहीनांसह सर्वांना समान वाटण्याचा नियमही त्यांनीच घालून घेतला. काम मागण्याच्या हक्कातून कोणते काम, हे ठरविण्याचा हक्क जन्माला येतो, हे येरळाकाठच्या या लोकांनी नियोजनकारांच्या आधी ओळखले होते.

मे १९८८ मध्ये शेतमजुरांचे किमान वेतन जवळजवळ दुप्पट झाले आणि त्याबरोबर रोजगार हमीचे दरही वाढले. मजुरीचे दर वाढले तेव्हा कामे अधिक निघावयास हवी होती. प्रत्यक्षात पुढील दोन-तीन वर्षांत हजेरी निम्म्याच्याही खाली उतरली. शेतीत अन्यत्र काम वाढले म्हणून ती उतरली, असे काहींचे म्हणणे आहे. खर्चाला घाबरून यंत्रणेनेच कामे काढण्यात हात आखडला, असे इतरांचे. गावोगावच्या मजुरांचा अनुभव मला दुसऱ्या मताकडे झुकवितो. १९९० पासून योजनेला फळबागांची जोड मिळाली आणि कोरडवाहू माळरानावर डाळिंब, बोर, आंबा, काजू यांच्या लागवडीसाठी अनुदान दिले जाऊ लागले. त्याने महाराष्ट्राच्या फलोत्पादनाचा नकाशा पालटला. परंतु बाग लावण्यास जमीन लागते, आणि भूमिहीन मजूर पुन्हा एकदा दुसऱ्याच्या बागेतला गडी ठरला. व्यवसाय कर मात्र नेमाने वसूल होत राहिला, आणि जमा रक्कम व मजुरीवर होणारा खर्च यांतील अंतर रुंदावत गेले.

२००५ साली संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये आंध्र प्रदेशातील अनंतपूर जिल्ह्यात त्याचा आरंभ झाला, तेव्हा महाराष्ट्राचा तीन दशकांचा अनुभव त्या कायद्याच्या पाठीशी होता. पंधरा दिवसांची मुदत, बेकारभत्ता, साठ टक्के मजुरी, ठेकेदारास मनाई, ही सारी तत्त्वे आधी येथे आकारास आलेली होती. केंद्राने कुटुंबामागे वर्षाला शंभर दिवसांची मर्यादा घातली. महाराष्ट्राने आपला १९७७ चा कायदा दुरुस्त करून राखला, आणि शंभर दिवसांनंतरच्या कामाचा भार राज्याने स्वतःकडे घेतला. मागेल त्याला काम ही हमी राज्याच्या कायद्यात अशी कायम राहिली.

या लेखाच्या वाचकांपैकी अनेकांच्या पगारपत्रकात व्यवसाय कराची रक्कम आजही दरमहा वजा होत असेल. ती १९७५ साली कोणासाठी आकारण्यात आली हे त्यांनी स्मरावे. आपले मूळ गाव ज्या तालुक्यात असेल, तेथील तहसील कचेरीत या वर्षी किती मजुरांनी काम मागितले, किती जणांना पंधरा दिवसांत ते मिळाले, आणि ज्यांना मिळाले नाही त्यांच्यापैकी किती जणांना भत्ता दिला गेला, हे तीन आकडे लेखी अर्ज करून विचारावेत, आणि उत्तर आले नाही तर अर्ज पुन्हा करावा.